सात नंबरचा हेवा

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवाल. अपघातातून वाचलेल्या माणसाने काही लिहिलं की लोकांना त्यात धीर, श्रद्धा, जिद्द वगैरे हवी असते. माझ्याकडे यातलं फारसं काही नव्हतं. मी बरी झाले ती हेव्याच्या जोरावर. शेजारच्या खाटेवरच्या बाईचा मला इतका हेवा वाटत होता, की त्या भरात मी उठून बसले, उभी राहिले आणि चालायला लागले. हे ऐकायला बरं वाटत नाही, माहीत आहे मला. पण तुमच्या घरातलं कोणी आत्ता आयसीयूतून बाहेर आलं असेल आणि एकदम चिडकं, कोत्या मनाचं झालं असेल, तर घाबरून जाऊ नका. मीही तशीच झाले होते.

कारल्याची भाजी

मी वैशाली. विश्रांतवाडीला राहते. तेव्हा खराडीच्या एका आयटी कंपनीत टेस्टर होते. टेस्टर म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. घरचे म्हणतात, हिला अगदी हिच्या स्वभावाचं काम मिळालं होतं.

एका सकाळी आळंदी रोडवर एका टेम्पोने माझ्या स्कूटरला मागून धडक दिली. मला एवढंच आठवतं की डबा उघडला, कारल्याची भाजी रस्त्यावर सांडली आणि मला वाटलं, बरं झालं, आज खावी लागणार नाही. त्यानंतरचं काही आठवत नाही.

पुढची आठवण थेट आयसीयूमधली. तिथल्या मोठ्या डॉक्टर, ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत, माझ्या कानाशी वाकून मोठ्याने बोलत होत्या. "वैशाली, तुमचा अपघात झालाय. तुम्ही दवाखान्यात आहात. घशात नळी आहे, म्हणून बोलता येणार नाही. घाबरू नका." हे त्यांनी म्हणे मला चार दिवस रोज सांगितलं. मला एकदाच आठवतं. कमरेचं हाड तीन ठिकाणी मोडलेलं, डावीकडच्या फासळ्या गेलेल्या, फुप्फुसाला छिद्र आणि प्लीहा काढून टाकलेली. प्लीहा नावाचं काही आपल्या पोटात असतं, हे मला ती गेल्यावर कळलं.

आठ नंबर

आयसीयूत तुम्हाला नाव नसतं. मी आठ नंबर. "आठ नंबरचं कफाचं सक्शन झालं का?" "आठ नंबरला ताप आहे का बघ." दिवस-रात्र काही कळत नाही, दिवे कायम जळत असतात. सिस्टरांची ड्युटी बदलली की एक दिवस गेला, असं मी धरून चालायचे आणि तेही चुकायचं.

मला भास व्हायचे. हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. आमचा मॅनेजर लॅपटॉप घेऊन माझ्या पायाशी उभा आहे, सॉफ्टवेअरचं रिलीज आजच जायचंय आणि सगळे माझ्या बोलण्याची वाट बघतायत, असं मला स्पष्ट दिसायचं. घशात नळी असताना बोलणार कशी? म्हणून मी नळी ओढली. माझ्या दृष्टीने ते ऑफिसचं काम होतं. त्यांच्या दृष्टीने मी स्वतःच्याच जिवावर उठले होते.

मग माझे हात बांधले. मऊ पट्टीने, खाटेच्या कठड्याला. सिस्टर वाईट नव्हती हो. केस सारखे करून म्हणाली, "तुमच्याच भल्यासाठी आहे हं, ताई." पण नाकाला खाज सुटली की काय करायचं, ते कोणी सांगेना. मला वाटायला लागलं की मी काहीतरी गुन्हा केलाय आणि घरच्यांना त्याची लाज वाटतेय, म्हणून कोणी येत नाही. माझे यजमान, मिलिंद, सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं यायचे. तेवढीच परवानगी होती. निळा गाऊन घालून उभे राहायचे आणि सांगायचे, आर्या शाळेत गेली, बुद्धविहारातल्या बायकांनी आज डबा पाठवला, तुझ्यासाठी वंदना घेतली. मी डोळ्यांनी विनवायचे, हात सोडा. ते म्हणायचे, "हो हो, होशील बरी." दहा मिनिटं संपायची.

आणि उजव्या हाताला सात नंबर होती.

माझ्याच वयाची बाई, माझ्याच दिवशी आलेली, तीही अपघाताचीच. तिचे हात मोकळे होते. का? तर तिची आई तिच्याजवळ बसलेली असायची. दहा मिनिटं नाही, सकाळच्या राउंडनंतर जी स्टूल ओढून बसायची ती बसायचीच. मुलीचा हात दोन्ही हातांत घ्यायचा आणि हळूहळू काहीतरी सांगत राहायचं. मुलगी ऐकायची, शांत व्हायची, झोपायची. मला मान वळवता येत होती तेवढी वळवून मी ते बघायचे. माझ्या आयुष्यात मला कशाचाच इतका हेवा वाटलेला नाही. दागिन्यांचा नाही, परदेशी गेलेल्या मैत्रिणींचा नाही. त्या हाताचा वाटला.

ओळख असणार, मी ठरवून टाकलं. कोणीतरी ट्रस्टी, कोणीतरी मामा. पुण्यात ओळखीशिवाय कुठे काही होतं का!

बुलेटिन

एकोणीस दिवसांनी मी वॉर्डात आले आणि मग घरी. सगळे म्हणाले, सुटलीस. मला तसं वाटेना. मी नुसती पडून राहायचे. फिजिओथेरपीवाली पोरगी यायची, गोड बोलायची, मी भिंतीकडे तोंड करायचे. ज्या कोणाला चालता येतं, वाकता येतं, फासळ्या न धरता शिंकता येतं, त्या सगळ्यांवर माझा राग होता. आर्या आठ वर्षांची. ती स्वतःची वेणी स्वतः घालायला शिकली, तर मला कौतुक वाटायच्या ऐवजी पोटात दुखलं. आपल्यावाचून कोणाचं काही अडत नाही, हे मला सहन होत नव्हतं.

मिलिंद सरकारी कचेरीत आहेत, बोलणं कमी. एका संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाले, "ती सात नंबर वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत गेली म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तिच्या भावाचा फोन नंबर आहे माझ्याकडे."

"हॅ! तिला काय, आई आहे ना दिमतीला," मी म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी ती फिजिओची पोरगी आली, तेव्हा मी वॉकर मागितला. तिला खरंच वाटेना.

मग दर चार-पाच दिवसांनी बुलेटिन यायचं. सात नंबरने वॉकर सोडला. सात नंबर जिना चढली. सात नंबर ऑफिसला जायला लागली. मी दात-ओठ खात तिच्या मागे. मी जिना चढले त्या दिवशी शेजारणी टाळ्या वाजवत होत्या आणि मी मनात म्हणत होते, ही तर आठ दिवसांपूर्वीच चढलीय. शेवटी एकदा बातमी आली की सात नंबर पर्वतीवर जाऊन आली. मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

बरं, ऑफिसमध्येही मजा नव्हती. मला आकडे लक्षात राहीनात. एक चूक नोंदवायला घेतली की पहिली विसरायची. कंपनीने चांगुलपणाने मला कागदपत्रांच्या टेबलावर बसवलं. माझ्या जागी आलेली मुलगी हुशार होती आणि नम्रही होती, त्यामुळे तिचा दुप्पट राग यायचा.

बैठक

दोन वर्षांनी दवाखान्यातून पत्र आलं. अपघाताच्या पेशंटांसाठी आयसीयूत पुढे कशाकशावर संशोधन व्हायला हवं, ते ठरवायची बैठक होती. प्रश्न ढीगभर असतात, सगळ्यांवर काम होऊ शकत नाही, तेव्हा दहा निवडायचे. आणि ते फक्त डॉक्टरांनी नाही, तर सिस्टर, पेशंट आणि नातेवाईक यांनी सोबत बसून. मला पेशंट म्हणून बोलावलं होतं, मिलिंदना नातेवाईक म्हणून.

मी दोन कारणांसाठी गेले. एक म्हणजे मला त्या हात बांधण्याबद्दल बोलायचं होतं. दोन वर्षांत मला कुठे ते बोलता आलं नव्हतं. लोक म्हणायचे, वाचलीस ना, मग झालं तर. माझा प्रश्न त्या दहांत यावा, एवढंच मला पाहिजे होतं. दुसरं कारण, सात नंबरलाही बोलावलं होतं. ही पर्वती चढणारी बाई मला एकदा डोळ्यांनी बघायची होती. मी मोरपंखी साडी नेसले. सहसा मी नेसत नाही, कमरेला ओढ बसते.

ती आली ती काठी टेकत. एक पाय ओढत होती. खुर्चीत बसताना आधी काठी टेबलाला लावली, मग दोन्ही हातांनी पाय उचलून आत घेतला. मी मिलिंदकडे बघितलं. ते चहाच्या कपात अतिशय बारकाईने बघत होते. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण तेवढ्यात मॅडम उभ्या राहिल्या.

पद्धत अशी होती. प्रत्येकाने आपला प्रश्न कार्डावर लिहायचा, नाव लिहायचं नाही. मॅडम वाचून दाखवणार. डॉक्टरांची कार्डं आली, रक्त कधी आणि किती द्यायचं, व्हेंटिलेटर कधी काढायचा. एका सिस्टरने लिहिलं होतं, एकीने किती खाटा सांभाळाव्यात. मग माझं कार्ड आलं. मी ते घरूनच मनात घोकून गेले होते. "ज्यांची ओळख असते त्यांच्या नातेवाइकांना दिवसभर आत बसू देतात. ज्यांची नसते त्यांचे हात बांधतात. हा फरक का?"

डॉक्टर एकमेकांकडे बघायला लागले. मला बरं वाटलं. चपराक बसली एकदाची, असं वाटलं.

तेव्हा सात नंबर म्हणाली, "हे माझ्याबद्दल आहे."

माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असणार, कारण ती सरळ माझ्याकडे वळली. "तुम्ही आठ नंबर ना? मी केतकी. वारज्याची. माझी कुठे काही ओळख नव्हती हो. माझा नवरा गाडी चालवत होता. तो जागच्या जागी गेला. मला माहीत नव्हतं. शुद्ध आली की मी विचारायची, तो कुठे आहे, आणि सगळे माझी बीपीची मशीन बघायचे. म्हणून आईला आत बसवलं."

"परवानगी मी दिली होती," मॅडम म्हणाल्या.

"नऊ दिवस ती माझा हात धरून खोटं बोलली," केतकी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, ऑफिसात अपडेट देतात तसा. "तो वरच्या मजल्यावर आहे, पायाला प्लास्टर आहे, तुझी चौकशी करतो. त्याचे निरोप आणायची. एकदा म्हणाली, त्याला सीताफळ खावंसं वाटतंय. मी म्हटलं, द्या ना मग त्याला. दहाव्या दिवशी सांगितलं. तोपर्यंत सगळं उरकलं होतं. आता आई हात धरायला आली की मी हात काढून घेते. मुद्दाम नाही, आपोआप होतं. तुम्हाला त्या हाताचा हेवा वाटला. तो हात असा होता."

मला वाटलं, जमीन दुभंगून मला आत घेईल तर बरं. पण खरं सांगायचं ठरवलंय, तर हेही सांगते. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं, तरी धरला तर होता ना तुझा हात.

मॅडमनी माझं कार्ड परत हातात घेतलं. "ओळखीचा भाग सोडू. पण आत एक खरा प्रश्न आहे. घरचं माणूस जवळ बसलं, तर हात बांधायची गरज कमी पडते का?"

"तुम्हाला माहीत नाही?" मी विचारलं.

"खात्रीने नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही घाबरतो म्हणून बांधतो."

इतक्या मोठ्या डॉक्टरने सगळ्यांसमोर असं म्हणावं, याचं मला फार समाधान वाटलं. माझा प्रश्न भिंतीवरच्या मोठ्या कागदावर लागला. पाठोपाठ आणखी एक कार्ड वाचलं, ते केतकीचं हे नाव नसतानाही सगळ्यांना कळलं, आणि तिचा प्रश्न माझ्या शेजारीच लागला. तिथेही शेजार सुटला नाही.

जेवणाची सुट्टी

मिलिंदना मी व्हरांड्यात गाठलं.

"पर्वती?"

"पर्वती जरा जास्त झाली," ते म्हणाले.

"म्हणजे सगळंच खोटं? वॉकर, जिना, ऑफिस?"

"तिच्या भावाचा नंबरसुद्धा नव्हता माझ्याकडे. डॉक्टर म्हणाले होते, ही अशीच पडून राहिली तर सांधे धरतील. तू माझं ऐकत नव्हतीस, आर्याचं ऐकत नव्हतीस. एकदा सहज सात नंबरचं नाव काढलं, तर दुसऱ्या दिवशी वॉकर मागितलास. मग मी काढत राहिलो."

"आणि तिचा नवरा गेला, हे माहीत होतं?"

"बाहेरच्या सगळ्या हॉलला माहीत होतं. तिचे सासरे माझ्याच शेजारी बसायचे. माझ्या पेनाने सही केली त्यांनी, मुलाचा देह ताब्यात घेतल्याची."

दोन वर्षं मी या बाईला शिव्या घातल्या होत्या, यांच्यासमोर, जेवताना, झोपताना. आणि हे ऐकून घेत होते. माझा संताप झाला. "मला कधी सांगणार होतात?"

"तेच तर कळत नव्हतं," मिलिंद म्हणाले. "आयसीयूत असताना कसं सांगू? नंतर तू उभी राहत होतीस. मग फारच उशीर झाला होता."

मी चुका काढायचा पगार घेत होते, आणि हा माणूस माझ्याच घरात रोज खोटं बोलत होता. मला एकही चूक सापडली नाही. पण त्याच खोट्यावर उभी राहून मी त्यांच्याशी भांडत होते, हेही खरं. शेवटी मी म्हणाले, "जेवून घ्या, वरण गार होतंय." ते जेवले. मी नाही जेवले.

लाल स्टिकर

दुपारी प्रत्येकाला तीन लाल गोल स्टिकर दिले. महत्त्वाच्या वाटतील त्या तीन प्रश्नांवर लावायचे, स्वतःच्या प्रश्नावर लावले तरी चालेल. सगळे उठून भिंतीशी गेले. मी एक रक्ताच्या प्रश्नावर लावला, कारण मला चौदा बाटल्या चढवल्या होत्या. दुसरा सिस्टरच्या प्रश्नावर लावला, कारण ती बरोबर म्हणत होती. तिसरा बोटाला चिकटवून मी थांबले.

माझ्यासमोर दोन प्रश्न होते. माझा आणि केतकीचा. दोन्हींवर स्टिकर जवळजवळ सारखे दिसत होते. डॉक्टर लोकांच्या प्रश्नांवर तर गर्दी झालेली. म्हणजे दहांत जागा राहिली तर एकच, हे न मोजताही कळत होतं.

तिच्या प्रश्नावर लावायला हवा होता. माणुसकी म्हणून, माफी म्हणून, काहीही म्हणा. पण मला पट्टीचा तो घट्टपणा मनगटावर जाणवला. नाकाची खाज आठवली. मी माझ्या प्रश्नावर लावला. हळूच नाही, चांगला अंगठ्याने दाबून लावला.

मोजणी झाली. माझा प्रश्न दहावा आला. केतकीचा अकरावा, एका स्टिकरने. मॅडमनी दहाव्या प्रश्नाखाली जाड रेघ मारली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन वर्षं ज्याची वाट बघितली ते झालं होतं. मी टाळ्या वाजवल्या की नाही, मला आठवत नाही.

निघताना केतकी दाराशी उभी होती. मी तिला टाळून जाणार होते, पण कंबर अशी की पटकन सटकता येत नाही.

"अभिनंदन," ती म्हणाली.

"मी शेवटचा स्टिकर स्वतःलाच लावला," मी म्हणाले. माझ्याच्याने राहवेना. "तुम्हाला लावला असता तर तुमचा आला असता."

"मीही तुमच्याच प्रश्नावर लावला."

अगं बाई! आता हिच्या मोठेपणाचाही हेवा करायचा का मी? "कशाला?" मी जवळजवळ ओरडलेच. "तुमचा प्रश्न होता तो!"

केतकीने काठी या हातातून त्या हातात घेतली. "मी लिहिला खरा. पण मग भिंतीशी उभं राहिल्यावर भीती वाटली. समजा, यांनी खरंच संशोधन केलं. आणि उत्तर आलं की पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मग मी आईला काय म्हणू? आणि समजा उत्तर आलं की आईचंच बरोबर होतं. मग दोन वर्षं मी तिच्याशी जशी वागले, त्याचं काय करू?"

खाली तिची रिक्षा आली होती. ती एकेक पायरी आडवी होऊन उतरली. मी वरूनच बघत राहिले. पायरी उतरण्यात मी तिच्या पुढे होते, आणि मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही.

दवाखान्याने आम्हा दोघींना नव्या पेशंटांसाठी आपला अनुभव लिहून द्यायला सांगितलं. केतकी नको म्हणाली, म्हणून हे एकटीचं. ते दहा प्रश्न छापले गेलेत, आयसीयूबाहेरच्या हॉलमध्ये फळ्यावर लावलेत. रेघेखालचा अकरावा कुठेच छापलेला नाही. तो असा आहे: आपलं माणूस गेलं, हे नळ्या लावून पडलेल्या माणसाला कधी सांगायचं आणि कोणी सांगायचं?

तुम्ही त्या हॉलमध्ये बसला असाल, किंवा आतून बाहेर आला असाल आणि तुम्हाला याचं उत्तर सापडलं असेल, तर मला कळवा. केतकीला सांगायचं की नाही, ते मी बघेन.